कपाटामागचं बटण

आमच्या घरात लाईट जाण्याची कुणाला फारशी फिकीर नसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती जातेच, आणि तिच्यासाठी इन्व्हर्टर आहे. खरी धास्ती सासूबाईंची. त्या बाहेर पडताना आणि दुपारी आडव्या होण्याआधी घरभर फिरून भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद करतात, आणि त्यांनी बंद केलेल्या बटणावर इन्व्हर्टरचाही काही इलाज चालत नाही.

याला कारण आहे. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षी शेजारच्या गल्लीतला यंत्रमागाचा कारखाना वायर तापून पेटला होता. चादरींचे गठ्ठे किती वेळ धुमसत होते आणि बायका कशा घागरी घेऊन पळत होत्या, हे त्या अजून सांगतात. तेव्हापासून भिंतीतली वीज म्हणजे डोळा चुकवून कधीही दगा देणारी वस्तू, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. टीव्ही, मिक्सर, वायफायचा डबा, नवऱ्याचा चार्जिंगला लावलेला फोन, कशालाच सूट नाही. एकदा आम्ही सगळे अक्कलकोटला गेलो तेव्हा त्यांनी फ्रिजही बंद केला. परत आल्यावर दूध नासलेलं, पीठ आंबलेलं. मी वैतागून बोलले तर म्हणाल्या, "दूध ग्येलं तर ग्येलं. घर हाय न्हवं जाग्यावर?" मी भांडी घासायला घेतली.

अशा घरात मला एक वस्तू कायम चार्ज केलेली लागत होती.

माझ्या हनुवटीवर केस येतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सुरू झाले. डॉक्टरांनी हार्मोन, वजन आणि आहार यांवर मला भाषण दिलं, गोळ्या दिल्या. केस येतच राहिले. पार्लरमध्ये दोऱ्याने काढून घ्यायला जायचे, तर तिथली बाई भुवया झाल्या की सगळ्या बायकांच्या देखत खणखणीत आवाजात विचारायची, "हनुवटी पण घ्यायची ना?" मी तिथे जाणं सोडलं. एकदा रेझर वापरून पाहिला, तर कापलं आणि तांबडे फोड उठले. आठवडाभर शाळेत मी चेहऱ्याला ओढणी गुंडाळून शिकवलं आणि धुळीची ॲलर्जी आहे असं सांगितलं. चिमट्याने एकेक उपटायचं तर चांगला उजेड हवा आणि अर्धी सकाळ हवी. या दोन्ही गोष्टी एकत्र कुठल्या नोकरदार बाईला मिळतात ते मला माहीत नाही.

मग हा छोटा ट्रिमर आला. लिपस्टिकएवढा, पांढरा, खाली एक दिवा. लाल असेपर्यंत चार्ज होतोय, हिरवा झाला की झालं. आवाज डासाएवढा. न्हाणीघरात नळ सोडला की तोही ऐकू येत नाही. त्याने मला माझ्या सकाळी परत दिल्या, हे मी अगदी मनापासून लिहिते. रोज दोन मिनिटं, मग दारातल्या स्कूटरच्या आरशात एकदा खात्री. ज्या बायकांना हा त्रास आहे त्यांना ठाऊक असेल, घरातला कुठलाही आरसा खोटं बोलतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा आरसा तेवढा खरं सांगतो.

हे घरात कुणाला माहीत नव्हतं, असं मी धरून चालले होते. नवऱ्याचा प्रश्न नव्हता. मी घराला उद्या जांभळा रंग दिला तर त्याला दिवाळीपर्यंत पत्ता लागायचा नाही. पण सासरची माणसं, नणंद, तिच्या जावा, या बायकांना कळता कामा नये, एवढं एकच मी मनाशी ठरवलं होतं. यासाठी असलेला साधा, रोजचा शब्द मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता. पुरुषांच्या तोंडाला शोभणारा तो शब्द. मनातल्या मनात मी "ते" म्हणायचे.

तर चार्जिंग. आमच्या झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट आहे. त्या फटीत अगदी खाली, फरशीपासून वीतभर वर, एक प्लग आणि एक बटण आहे. बांधणाऱ्याने तो तिथे कशासाठी दिला, देव जाणे. मी पावडरच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडलं, त्यातून वायर आत घेतली आणि ट्रिमर डब्यात उभा केला. बाहेरून बघणाऱ्याला जुना डबा दिसायचा. वाकून हात घातल्याशिवाय बटण दिसायचंही नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यामुळे घरातली सगळी बटणं बंद होत, हे एक चालू राही. माझ्या हुशारीवर मी खूष होते.

बॅटरीचं शास्त्रही हळूहळू कळत गेलं. दिवस-दिवस चार्जिंगला लावून ठेवला की ती लवकर म्हातारी होते. पार संपू दिली तरी रुसते. एप्रिल-मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरला तर विचारूच नका. त्याची पिन गोल, बारीक, घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूला न लागणारी, म्हणून प्रवासात ती वायर आधी पिशवीत आणि मग बाकीचे कपडे. एकदा नवऱ्याबरोबर विमानाने दिल्लीला जायचा योग आला. बॅटरीच्या वस्तू मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, असं तिथे सांगतात. तपासणीला उभ्या असलेल्या मुलीने माझ्या पिशवीतून नेमका तोच काढला आणि उजेडात धरून विचारलं, "ये क्या है?" नवरा पलीकडे पट्टा चढवत होता. मी पुटपुटले, भुवयांसाठी आहे. तिने ट्रिमर परत पिशवीत ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बॅटरी कितने दिन चलती है इसकी?" मी सांगितलं. पुढचा सबंध प्रवास मी उगाचच खुशीत होते.

मग मंद्रूपचं लग्न आलं. नणंदेच्या मुलीचं, म्हणजे मी नवरीची मामी.

लग्न तसं सोपं असतं. चांगली साडी नेसून उभं राहायचं आणि फोटोत हसायचं. मला धाक होता तो हळदीचा. आमच्याकडे नवरीला हळद लागली की उरलेली हळद बायका एकमेकींना फासतात, आणि त्यात मामीला तर मुद्दाम धरतात. एकजण हात मागे धरते, दुसरी दोन्ही तळव्यांनी गाल, हनुवटी, गळा रगडते. त्या तळव्यांना सगळं कळतं. दोन दिवसांची वाढ डोळ्याला दिसली नाही तरी हाताला टोचते. आणि तिथे टोचलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचते. म्हणून माझा हिशेब साफ होता: हळदीच्या सकाळी, अंघोळीनंतर, ट्रिमर. तो मी पूर्ण चार्ज करून, हिरवा दिवा पाहून पिशवीत ठेवला.

नवरा दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर येणार होता. मी आणि सासूबाई आदल्या संध्याकाळी एसटीने निघालो. गाडी गच्च भरलेली. पिशवी मांडीवर. शहर मागे पडलं आणि मला मांडीवर काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं. मला वाटलं इंजिन. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "ओ बाई, तुमच्या पिशवीत काय तरी गुंगुं करतंय की."

ट्रिमरचं बटण पिशवीतल्या फराळाच्या डब्याच्या कडेला दाबलं गेलं होतं. पिशवीत हात घालायचा तर तो सगळ्यांच्या देखत बाहेर निघणार. समोरच्या बाकावरचे दोघे आता वळून बघत होते. "फोन आहे," मी म्हटलं. "मग उचला की," ती म्हणाली. मी म्हटलं, नको असलेल्या माणसाचा आहे. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि मंद्रूप येईपर्यंत मधूनमधून माझ्याकडे दयेने बघत राहिली. सासूबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मी कपड्यांवरून चाचपडत होते, पण ते मेलं बटण काही सापडेना. उतरायच्या आधी गुंगुं आपोआप थांबलं. बॅटरी संपली होती.

लग्नघरात माजघराच्या भिंतीला एकच प्लग आणि त्यावर एक लांब बोर्ड. त्या बोर्डावर पोरींचं राज्य. केस सरळ करायचं बिनवायरचं यंत्र, केस कुरळे करायचं दुसरं, नखांचा रंग वाळवायचा निळा दिवा, गाण्यांचा डबा आणि फोनच फोन. कुणाचा प्लग किती वेळ, यावर भांडणं चाललेली. एकीने सरळ करून घेतलेले केस दुसरीकडून कुरळे करून घेतले, तेही त्याच बोर्डावर. मी तिथे माझा लावला असता तर पाच मिनिटांत कुणीतरी उचलून विचारलं असतं, मामी, हे काय?

माझ्याकडे पॉवर बँक होती. ती मी बिछान्यात उशीखाली घेतली, ट्रिमर जोडला, लाल दिवा लागलेला पाहिला आणि निश्चिंत झोपले. सकाळी न्हाणीघरात बटण दाबलं. काहीच नाही. मागाहून कळलं की या पॉवर बँका स्वतःला फार शहाण्या समजतात. इतकी छोटी वस्तू इतकी थोडी वीज ओढते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती थोड्या वेळाने बंद पडते. सकाळी मात्र मला एवढंच कळलं की यंत्र मेलंय, बाहेर पाटा-वरवंट्याला हळद-कुंकू लावून झालंय आणि बायका जमायला लागल्यात. आता पोरींच्या पाया पडून बोर्ड घ्यावा म्हणून माजघरात आले, तर लाईट गेलेली. लाईनचं काम निघालं होतं. मांडववाल्याचा जनरेटर संध्याकाळी येणार होता.

मी धान्याच्या खोलीत जाऊन पोत्यावर बसले. पॉवर बँक दाबत होते, हलवत होते, पुन्हा दाबत होते. चाळिशी ओलांडलेली, दुसऱ्यांच्या मुलांना धीट व्हा म्हणून शिकवणारी बाई मी, आणि मला रडू येत होतं. पोट दुखतंय म्हणून सांगावं आणि इथेच पडून राहावं, असंही मनात आलं.

सासूबाई आत आल्या. त्यांनी दार लोटलं, माझ्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "आन हिकडं."

"काय आई?"

"त्ये. आन. वायर बी दे."

मी दिली. ट्रिमर पदराखाली घेऊन त्या अंगणात गेल्या. मी दाराच्या फटीतून बघत होते. लिंबाखाली वऱ्हाडासाठी आणलेली जीप उभी होती, सोलापूरचा ड्रायव्हर आत बसून फोन चार्ज करत होता. सासूबाईंनी खिडकीतून हात आत घातला.

"ह्ये लाव तितं."

"क्या है अम्मा ये?"

"बीपीचं मशीन हाय माझं. संपलंय."

"बीपी का है तो पहले लगाव," म्हणून त्या भल्या माणसाने स्वतःचा फोन काढला आणि गाडी चालू केली. सासूबाई जीपच्या पायरीवर पहाऱ्याला बसल्या. कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवत होत्या. इकडे नणंद मला हाका मारत होती, "वहिनी, या की भाईर, तुमची वाट बगत्यात समद्या." मी आतून म्हटलं, साडी नेसतेय. एक साडी नेसायला मला आयुष्यात इतका वेळ कधी लागला नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा ट्रिमर कोमट झाला होता. माझ्याकडे पाठ करून त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी फोनच्या पडद्यात बघून सुरुवात केली. डावी बाजू झाली, मधला भाग झाला, आणि तो बंद पडला. उजवी बाजू तशीच. जीपमध्ये तेवढीच वीज पोटात गेली होती.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"अर्धंच."

त्या दार उघडून बाहेर गेल्या आणि हळदीची वाटीच घेऊन आल्या. वाटीत आणखी तेल ओतलेलं होतं. त्यांनी माझी मान वर केली आणि हनुवटीला, जबड्याच्या दोन्ही बाजूंना, पार गळ्यापर्यंत हळदीचा जाड लेप द्यायला सुरुवात केली. उजव्या बाजूला त्यांचा अंगठा सावकाश फिरला. मी डोळे मिटून घेतले. त्या अंगठ्याला काय लागत होतं ते मला ठाऊक होतं.

"आता कोण हात लावतंय बगू," त्या म्हणाल्या. "सासूनं लावलेली हाय. वाळू दे तशीच."

"आई, तुम्हाला कधीपासून..."

"घरातली समदी बटनं मी बंद करती," वाटी पुसत त्या म्हणाल्या. "त्या कपाटामागचं कदी बंद केलंय का? सांग."

त्या फटीत रोज केर काढणारा झाडू त्यांचाच होता. माझ्या हुशारीचा डबा त्यांनी किती वर्षं उचलून, पुसून, होता तसा ठेवला असेल कोण जाणे. ज्या बाईला चालू फ्रिजची भीती वाटायची, तिने एक वायर माझ्यासाठी तशीच राहू दिली होती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

बाहेर बायकांनी मला धरलंच. पण हनुवटीवर लेप बघून एकजण म्हणाली, "हिला तर आदीच माखलीया," आणि सगळ्यांनी कपाळावर, हातांवर भागवलं. फोटोत मी नवरीपेक्षा पिवळी दिसते.

घरी आल्यावर हा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. त्या बटणं बंद करत राहिल्या, एक सोडून. मी डबा मात्र टाकून दिला आणि ट्रिमर उघडाच उभा ठेवू लागले.

अलीकडे सासूबाई विसरायला लागल्या आहेत. आधी आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. मग दूधवाला येऊन गेला तरी त्याची वाट बघत दारात उभ्या राहू लागल्या. डॉक्टरांनी वयाचं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि पुढे हे वाढत जाईल असं मला बाजूला घेऊन सांगितलं. बटणांची फेरी तेवढी त्या विसरल्या नाहीत. उलट ती वाढली. आता पंखा चालू असलेल्या खोलीत आपण बसलेले असतानाही त्या येऊन पंखा बंद करून जातात.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ट्रिमर हनुवटीच्या मध्यावर थांबला. मी खोलीत येऊन कपाटामागे हात घातला. बटण बंद होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच फरशीवर बसले. शाळेला उशीर होत होता आणि मला उठवेना. आईच गेल्यासारखं वाटलं, आणि त्या तर स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या.

मग त्या दारात आल्या. माझ्या हातातला ट्रिमर बघून म्हणाल्या, "ह्ये काय गं? कुणाचं हाय?"

"माझं आहे, आई."

"कशाला लागतं?"

त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. मंद्रूप नाही, जीप नाही, काहीच नाही. काहीतरी थातुरमातुर सांगता आलं असतं. भुवयांसाठी, विमानतळावर सांगितलं होतं तसं. पण या बाईशी खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. तो शब्द मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारला.

"मला दाढी येते, आई."

त्यांनी जवळ येऊन माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, अंगठा फिरवला.

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "मी न्हाय सांगत कुनाला." आणि मग भिंतीला धरून, कण्हत खाली वाकून, त्यांनी स्वतः ते बटण चालू केलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बंद होतं. आता दर थोड्या दिवसांनी असंच होतं. त्या विचारतात, ह्ये कशाला लागतं, आणि मी सांगते. आता ते मी भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगते, कधी नवरा तिथेच पेपर वाचत बसलेला असला तरी. दर वेळी त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात, माझी हनुवटी बघतात, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द देऊन ते बटण चालू करतात.